दोनशे चौदावी फ्रेम

पहिला दगड ताईनेच मारला. गल्लीतली माणसं पुढे कितीतरी दिवस ही हकिकत सांगताना तिथूनच सुरुवात करायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

दगड कसला, अर्धी वीट. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेकू म्हणून लावलेली. ती तिने उपसली, दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि कठड्यावरून शेजारच्या भंगाराच्या आवारात, खांबावर पेटलेल्या हॅलोजनवर भिरकावली. नेम लागेल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं. पण काच खळ्ळकन फुटली, गच्चीवर एकदम अंधार पडला आणि खाली साखळीला बांधलेलं कुत्रं जिवाच्या आकांतानं भुंकायला लागलं. खरं सांगायचं तर त्या घटकेला ताईला फार बरं वाटलं.

ताई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची. दवाखान्यात एक्सरे काढायची, म्हणून सगळ्या गल्लीची एक्सरेताई. आईवडील एकापाठोपाठ गेले तेव्हा ती एकोणीसची होती आणि धाकटा भाऊ सात वर्षांचा. त्याला तिनेच वाढवला, तिनेच शिकवला, म्हणजे जेवढा शिकला तेवढा. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की 'बघू' म्हणायची, आणि बघता बघता ते दिवस निघून गेले. धाकटा आता क्रेन चालवायचा. हाताला कसबी, मनाने वाईट नाही, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

आकाशाचे फोटो हे ताईचं एकुलतं एक व्यसन. दवाखान्यातल्या एका डॉक्टरांचा जुना कॅमेरा तिच्याकडे आला आणि बाकीचं सगळं ती फुकटात शिकली. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी आपापली झोप मोडून ही सॉफ्टवेअर लिहिली होती आणि ज्याला हवं त्याने घ्यावं म्हणून सोडून दिली होती. एका फोटोत काही दिसत नाही, थोडे तारे आणि बाकी सगळी खरखर. पण एकाच जागेचे शंभर-दोनशे फोटो त्या सॉफ्टवेअरच्या हवाली केले, की ते ताऱ्यावर तारा बसवतं, थरावर थर रचतं, एखाद्याच फोटोत घुसलेलं विमान नाहीतर काजवा उपरा समजून काढून टाकतं आणि जे सगळ्यांत आहे तेवढंच ठेवतं. मग काळ्या चौकोनातून हळूहळू एक तांबूस ढग वर येतो. दिवसभर मोडकी हाडं बघणाऱ्या बाईला तो ढग वर येताना बघणं फार आवडायचं. धाकटा त्याला 'ताईचे ठिपके' म्हणायचा आणि कूस वळवून झोपायचा.

शेजारच्या भंगारवाल्याच्या आवारातून दोनदा तांब्याची तार चोरीला गेली. लोहचुंबक दोरीला बांधून खिळे गोळा करणारा एक पोऱ्या त्याच्याकडे लहानपणी आला होता, तो आता तिशीचा झाला होता आणि त्याचं नाव चुंबकच पडलं होतं. भंगारवाल्याने चोरीचा आळ घेऊन त्याला हाकलून दिलं आणि खांबावर हॅलोजन चढवला. त्याचा उजेड मालावर कमी आणि ताईच्या गच्चीवर जास्त.

ताई तीन वेळा गेली विनवायला. "भाऊ, जरा खाली वळवा. नाहीतर वरून पत्रा लावा, मी स्वतः लावून देते. उजेड तुमच्याच मालावर पडेल."

"एक्सरेताई, तुमचे तारे कुठे पळून चाललेत?" भंगारवाला तराजूवरून मान वर न करता म्हणाला. "माझं तांबं पळतं."

आवारातले सगळे हसले. चौथ्यांदा ताई गेली नाही. चौथ्यांदा वीट गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा कामावर गेला आणि भंगारवाला सळई घेऊन जिना चढून वर आला. ताई गच्चीवर कॅमेरा आवरत होती. त्याने तिवईच्या तिन्ही पायांवर एकेक घाव घातला. तिसऱ्या घावाला ताईने कॅमेरा उचलून पोटाशी धरला आणि पाठ वळवली. त्याने मागून ढकललं. हात मोकळे नव्हते, त्यामुळे ती तशीच तोंडावर कठड्याला जाऊन आपटली. हनुवटी फुटली, पुढचा एक दात तुटून जिभेवर आला.

"पुढच्या वेळी वीट नाही," तो म्हणाला, "तूच खाली जाशील."

दवाखान्यात जाऊन तिने चार टाके घालून घेतले आणि धाकट्याला सांगितलं, जिन्यावरून पाय घसरला. पण भिंतींना कान असतात आणि गल्लीला तोंडं. संध्याकाळी कोपऱ्यावर गाडीतून उतरेपर्यंत धाकट्याला सगळं कळलेलं होतं. तो घरात आला, ताईच्या हनुवटीवरची पट्टी बघितली आणि आल्या पावली वळला. ताईने मागून शर्ट धरला. शर्ट तिच्या हातात राहिला.

भंगाराच्या आवारात पहिले दोन ठोसे धाकट्याचे बसले. भंगारवाल्याचं नाक फुटलं, तो जुन्या पत्र्यांच्या ढिगावर पडला. पण उठताना त्याच्या हाताला इंजिन उचलायची साखळी लागली. ती त्याने गोल फिरवली आणि धाकट्याच्या डाव्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज फाटकात धावत आलेल्या ताईलाही ऐकू आला. रोज मोडकी हाडं बघणाऱ्या तिला तो कशाचा आवाज ते सांगावं लागलं नाही. धाकटा गुडघ्यावर बसला. मग आडवा झाला. भंगारवाल्याने त्याच्या मानेवर पाय ठेवला आणि जमलेल्या गल्लीकडे बघत म्हणाला, "बोल. माझ्या बहिणीची चूक झाली."

धाकटा बोलेना. पाय दाबला गेला.

"माझ्या बहिणीची चूक झाली," धाकटा म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

तीन वेळा म्हणायला लावलं. शेवटी भंगारवाल्याची बायकोच ओरडली, "पुरे करा, मरेल तो!" आणि ताईने जमिनीवर बसून दोन्ही हातांनी तो पाय भावाच्या मानेवरून ओढून काढला.

रात्री तिने स्वतःच त्याचा एक्सरे काढला. गळपट्टीचं हाड मधोमध मोडून एकावर एक चढलेलं. सहा आठवडे हात झोळीत.

"पोलिसात जाऊ," ती म्हणाली.

"आणि काय सांगू? मानेवर पाय ठेवला, आणि मी पोपटासारखा बोललो?" धाकटा भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "विषय संपला, ताई."

विषय संपला असं तिनेही धरून चाललं. शेवटी पहिली वीट तिची होती. खांबावर आता दोन हॅलोजन आले, दोन्ही गच्चीच्या दिशेने वळवलेले. ताईने टाकीच्या आडोशाला जागा शोधली. तिथून उत्तरेचं आकाश दिसायचं. ध्रुवतारा खाली छपरांना टेकल्यासारखा, आणि चौकटीच्या तळाशी गल्लीचा शेवट नि आवाराचं फाटक. तिवईची मोडतोड लाकडी पट्ट्यांनी बांधून तिने कॅमेरा कायमचा तिथे लावला. मोठ्या भिंगाचा नाद सोडून जास्त रुंद आकाश टिपणारं भिंग घातलं. पंचवीस सेकंदांचा एक फोटो, त्यामागे लगेच दुसरा, बॅटरी संपेपर्यंत. तिथे आपण नसलो तरी चालतं, हे त्यातलं सुख.

मारामारीला अडीच आठवडे झाले असताना एका रात्री तिची रात्रपाळी होती. साडेनऊला तिने कॅमेरा चालू केला, धाकट्याचं जेवण झाकून ठेवलं आणि निघाली. तो आतल्या खोलीत पडून होता. "दार लावून घे," ती म्हणाली. तो "हं" म्हणाला.

पावणेअकराच्या सुमाराला सगळ्या वस्तीची वीज गेली. दवाखान्याचा जनरेटर धडधडत सुरू झाला. पाऊण तासाने स्ट्रेचरवरून जो माणूस आत आला, त्याला ताईने आधी ओळखलंच नाही. तोंडच उरलं नव्हतं. जबडा एका बाजूला सरकलेला, डावा डोळा सुजेखाली गडप, केसांत रक्ताच्या गुठळ्या. मागून त्याची बायको धावत आली, तेव्हा तो कोण ते ताईला कळलं.

"हिला हात लावू देऊ नका!" भंगारवाल्याची बायको किंचाळली. "हिच्याच भावाने केलंय! हिच्याच!"

पण रात्री दुसरं कुणी एक्सरे काढणारं नव्हतं. वॉर्डबॉयने बायकोला बाहेर नेलं. ताईने भंगारवाल्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून फिल्मवर सरळ केलं. त्याने उघडा डोळा तिच्याकडे वळवला. ओळखलं की नाही कोण जाणे. तोंडातून फक्त रक्ताचा बुडबुडा आला. कवटी, जबडा, दोन्ही हात. दोन्ही हातांची मनगटाच्या वरची हाडं एकाच उंचीवर मोडलेली. माणूस डोकं वाचवायला हात वर धरतो, तेव्हा हाड तिथेच मोडतं. गुडघ्याची वाटी फुटून तीन तुकडे. तो पडल्यावर घातलेला घाव. ताईने अकरा फिल्म काढल्या आणि प्रत्येक वेळी बटण दाबताना मनात म्हणाली, एका हाताने हे होत नाही. झोळीतल्या हाताने तर नाहीच नाही.

सकाळी घरी गेली तर धाकटा झोपलेला होता. दुपारी फौजदार आला. धाकट्याने झोळी दाखवली. फौजदाराने एक्सरेवर नजर टाकली, मान हलवली आणि गेला. संध्याकाळपर्यंत चुंबकाला उचलल्याची बातमी आली. हाकलला होता, दारू पिऊन 'बघून घेईन' म्हणाला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याने गुन्हा कबूलही केला.

ताईचा जीव भांड्यात पडला. हे तिने नंतर कधी कुणापासून लपवलं नाही. कबुलीची बातमी ऐकून ती दवाखान्याच्या मोरीत गेली, नळ सोडला आणि सुटकेने रडली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन शिपाई चुंबकाला एक्सरेला घेऊन आले. "कोठडीत पडला," एक जण म्हणाला. चुंबकाला सरळ उभं राहता येत नव्हतं. उजव्या हाताची बोटं वांग्याएवढी सुजलेली. ताईने हात फिल्मवर ठेवला तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने स्वतःचंच तोंड दाबून धरलं. तीन बरगड्या, चार बोटं. बोटांवर आडव्या रेघेत मार होता, काठीचा नाहीतर टेबलाच्या खणाचा.

"ताई," शिपाई दाराशी गेल्यावर तो पुटपुटला, "मी त्या रात्री त्या गल्लीत नव्हतोच. पण सही कुठे करायची तेवढंच विचारत होते."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे वाक्य तिच्या डोक्यात आलं, आणि तिने ते लगेच झटकलं. चोर कोण, हे आपल्याला कुठे माहीत आहे?

त्या संध्याकाळी मन थाऱ्यावर यावं म्हणून ती गच्चीवरून कॅमेरा खाली आणून संगणकापुढे बसली. त्या रात्रीचे फोटो कार्डात तसेच पडले होते. वीज गेल्यानंतरचे सगळे तिने सॉफ्टवेअरला दिले. तसा काळोख त्या वस्तीला वर्षात एखाद्या वेळी मिळतो. तासाभराने चित्र वर आलं. तारे सुईच्या टोकासारखे. खाली छपरं, गल्ली, फाटक, सगळं झाडून काढल्यासारखं रिकामं. इतकं चांगलं चित्र तिच्या हातून आजवर निघालं नव्हतं.

मग तिने यादी बघितली. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोला गुण देतं, आणि दोनशे सातपासून दोनशे एकोणीसपर्यंतच्या फोटोंना जवळजवळ शून्य होतं. ढग आला असेल म्हणून तिने एकेक उघडला.

ढग नव्हता. दोनशे सातमध्ये गाडीच्या दिव्यांचा पांढरा झोत फाटकावर आला होता. भंगारवाल्याचा छोटा टेम्पो. दोनशे आठमध्ये झोत तसाच आणि त्याच्यापुढे धुरासारखं काहीतरी. नऊ, दहा, अकरा, बारा, सगळ्यांत तोच धूर, कुठे दाट, कुठे विरळ, जमिनीकडे उतरत गेलेला. पंचवीस सेकंद शटर उघडं असतं. हलणारा माणूस त्यात उमटत नाही, नुसता पुसट डाग राहतो. तेरामध्ये जमिनीवर एक गाठोडं.

दोनशे चौदामध्ये माणूस होता. झोताच्या कडेला, गाठोड्यापाशी, अगदी स्थिर उभा. पंचवीस सेकंद तो हललाच नव्हता, म्हणून तो खांबासारखा स्वच्छ आला होता. उजव्या हातात दांडा. डाव्या हाताला पांढरी झोळी.

तिने तो फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. तोंड दिसत नव्हतं. तोंड दिसायची गरजच नव्हती. त्या पोराला ती पस्तीस वर्षं पाठमोरा ओळखत होती.

"काय बघतेस?"

धाकटा मागे उभा होता. तिने पडदा बंद केला नाही. तो वाकला आणि त्याने बघितलं.

"हे वर बघतं ना?" तो म्हणाला. "तुझा कॅमेरा वर बघतो ना?"

"थोडं खालीही बघतो."

तो खुर्चीवर बसला.

"एका हाताने केलंस?" तिने विचारलं.

"जॅकचा दांडा होता. दर फटक्याला मलाच कळ यायची, डोळ्यांपुढे काजवे. तरी नाही थांबलो." त्याचा आवाज थंड होता, दिवसभराच्या कामाचं सांगावं तसा. "फाटक उघडायला उतरला होता. मी म्हटलं, बोल, माझी चूक झाली. तो बोलायला लागला होता ग. मीच ऐकून घेतलं नाही."

"मग उभा का राहिलास?"

"श्वास चालू आहे का बघत होतो."

"चालू होता."

"हो."

"मग?"

"मग घरी येऊन झोपलो."

ताई उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "चुंबकाची बोटं मोडलीत त्यांनी. आज मी फिल्म काढल्या."

"त्याला मी सांगितलं होतं कबूल कर म्हणून?"

"अरे, तो बोलला नसता तर मारून टाकला असता त्याला!"

"आणि मी कुणासाठी केलं? दात कुणाचा पडला? वीट कुणी मारली?" आता तो ओरडत होता. "माझ्या मानेवर पाय कुणापायी आला, ताई? दोन बटणं दाबायची आहेत. पूस ते. ठिपके ठेव, बाकीचं पूस."

"नाही पुसणार."

त्याने एका हाताने संगणकाचा डबा उचलून जमिनीवर आपटला. पडदा वायरीसकट ओढला गेला आणि फुटला. त्याने डब्यावर लाथ घातली, दुसरी घातली, पत्रा आत जाईपर्यंत घालत राहिला. सहा वर्षांचं आकाश त्यात होतं. मग तो कॅमेऱ्याकडे वळला. संगणकात घातलेलं कार्ड तिने मघाशीच काढून परत कॅमेऱ्यात ठेवलं होतं, जुन्या सवयीने, आणि तिची ती सवय त्याला ठाऊक होती. ती मधे आली. त्याने थप्पड मारली. उभ्या आयुष्यात पहिली. टाके घातलेली हनुवटी पुन्हा फुटली, पण ती बाजूला झाली नाही, तशी त्याने तिचा गळा धरला आणि तिला भिंतीवर दाबलं.

"सोड," ती म्हणायला गेली, पण आवाज फुटला नाही. डोळ्यांपुढे लाल काळं होऊ लागलं. त्याचं तोंड तिच्या तोंडापासून वीतभरावर होतं, आणि तो रडत होता. रडत होता आणि दाबत होता.

त्याचं हाड कुठे मोडलंय, कुठे एकावर एक चढलंय आणि तीन आठवड्यांत कुठवर जुळत आलं असेल, हे जगात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिने अंगठा बरोबर तिथे ठेवला आणि सगळा जोर लावला. ओलं लाकूड मोडावं तसं हाड अंगठ्याखाली सुटलं. धाकटा असा ओरडला की खालचं कुत्रं भुंकायला लागलं. तो जमिनीवर पडला आणि काचांमध्ये पाय झाडत राहिला.

ताई खोकत खोकत खाली बसली. श्वास आल्यावर तिने कॅमेऱ्यातून कार्ड काढलं आणि पोलक्यात ठेवलं. मग दवाखान्यात फोन केला आणि भावाचं डोकं काचांवरून उचलून मांडीवर घेतलं. दवाखान्याची गाडी येईपर्यंत दोघं तसेच होते. तो "दुखतंय ग" म्हणत होता, आणि ती "हो, दुखणारच" म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी हनुवटीवर नवी पट्टी लावून ती फौजदारापुढे बसली.

"बाई, आमच्याकडे कबुली आहे," फौजदार म्हणाला. "आणि हल्ली असल्या सॉफ्टवेअरमधून काय वाटेल ते बनवता येतं."

"म्हणूनच सॉफ्टवेअरमधलं काही आणलं नाही, साहेब. कॅमेऱ्याने घेतले तसे कच्चे आणलेत. आधीचे दोनशे तेरा आणि नंतरचे सगळे. घड्याळावर विश्वास नसेल तर ताऱ्यांच्या जागेवरून वेळ काढता येते, मिनिटासकट."

"सख्खा भाऊ आहे तुमचा."

"हो."

"कबुलीचं काय करू मग मी?"

"कबुली तुम्ही काढलीत, त्याचे एक्सरे मी काढलेत," ताई म्हणाली. "दोन्ही एकत्र वर पाठवायचे का?"

फौजदाराने हात पुढे करून कार्ड घेतलं.

चुंबक अकराव्या दिवशी सुटला. त्याची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. ताई त्याच्या खोलीवर गेली आणि म्हणाली, "तुझ्या कबुलीने मला बरं वाटलं होतं. दीड दिवस मी सुखात होते. माफी मागायला आले."

चुंबक ओशाळला. "ताई, तांबं मीच चोरलं होतं बरं का," तो म्हणाला. "तेवढा त्याचा आळ खरा होता."

भंगारवाला जगला. डावा डोळा गेला, एक पाय ओढत चालतो, बोलणं फक्त बायकोला समजतं. साक्ष झाली त्या दिवशी त्याची बायको कोर्टाच्या ओट्यावर ताईच्या शेजारी येऊन बसली. ताईला वाटलं, शिव्या देईल, नाहीतर पाया पडेल. ती एवढंच म्हणाली, "भावाला धरून दिलंस म्हणून मोठी झाली नाहीस तू. वीट मारली नसतीस तर?"

"मारली," ताई म्हणाली.

धाकट्याला आठ वर्षांची सजा लागली. नात्यातल्यांनी ताईला तोडलं. आत्या म्हणाली, लेकरासारखा वाढवला आणि कसायाच्या हाती दिला. झोप न आलेल्या रात्री ताईही स्वतःला हेच म्हणत असे. नवा संगणक यायला वर्ष गेलं. आल्यावरही तिने कॅमेऱ्याला बरेच महिने हात लावला नाही.

तुरुंगात ती दर महिन्याला जात राहिली. चार तासांचा प्रवास, मग रांग. पहिले सात महिने धाकटा भेटायला बाहेर आलाच नाही. शिपाई यायचा, "नको म्हणतोय" सांगायचा, ती आणलेले कपडे खिडकीत द्यायची आणि परत फिरायची.

आठव्या महिन्यात तो आला. जाळीपलीकडे बसला. वाळला होता, केस बारीक कापलेले. ती काय बोलावं ते घरून ठरवून आली होती, सात महिने दर वेळी ठरवत होती, पण त्यातलं काही आठवेना. तोही जमिनीकडे बघत होता. शेजारच्या जाळीवर कुणी म्हातारा आपल्या मुलाला म्हशीच्या आजाराचं सांगत होता, ते दोघांनी ऐकलं.

"जेवलीस का?" धाकट्याने विचारलं.

हा प्रश्न आजवर नेहमी तिने विचारला होता आणि त्याने कंटाळून उत्तर दिलं होतं.

"हो," ती म्हणाली.

"खोटं बोलतेस. पहाटेच्या गाडीने निघालीस तर कुठे जेवशील?"

"वेळ होता थोडा, पण भूक नव्हती."

"बाहेर डावीकडे एक चहावाला आहे म्हणतात. पाव बरा असतो त्याच्याकडे. खाऊन जा."

"खाते."

"परत येशील तेव्हाही खाऊनच ये," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. शिपायाने वेळ संपल्याची थाप टेबलावर मारली. तो उठला, एक खांदा थोडा खाली ठेवून दारापर्यंत गेला आणि मागे न बघता आत शिरला.

ताई बाहेर आली. डावीकडे चहावाला होता. तिने बाकावर बसून दोन पाव खाल्ले, शांतपणे, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मग गाडी किती वाजता आहे ते विचारलं.